साहेबांचा खांदा

सोमवार, ४ मार्च

आज शर्ट बायकोने घातला. म्हणजे मला घातला. आधी उजवी बाही, मग डावी, मग बटणं. ती कोर्टात लघुलेखिका आहे. त्यामुळे काम चालू असताना बोलत नाही, संपल्यावर वाचून दाखवते. "दोन दिवसांत बरं होईल, असं तू गेल्या तीन आठवड्यांत अकरा वेळा म्हणालायस." मोजलंय!

खांदा कसा गेला ते कोणाला सांगायची सोय नाही. तीस वर्षं बाहुल्यांचे खेळ करतोय – पडद्याआड उभं राहून, दोन्ही हात डोक्याच्या वर, पन्नास-पन्नास मिनिटं. त्यात गेला असता तर चारचौघांत मान वर करून सांगितलं असतं. गेला तो माळ्यावरून पेटी काढताना. पेटी घसरली, मी एका हाताने धरली, आत कुठेतरी दोरा तुटल्यासारखं झालं. पेटी रिकामी होती. हे खाली ठेवल्यावर कळलं.

एक एप्रिलपासून दौरा. चाळीस शाळा. पत्रव्यवहार सगळा ताईकडे – माझी थोरली बहीण आणि खेळातली एकुलती एक भागीदार. खांदा 'जरा आखडलाय' एवढंच तिला माहीत आहे.

उद्या सर्जन.

मंगळवार, ५ मार्च

दवाखान्यात बसायच्या जागी एक सांगाडा उभा केलाय. त्याचाही उजवा हात निखळलेला, रबरबँडने बांधून ठेवलाय. बरं वाटलं. कोणीतरी आपल्यासारखं!

सर्जन माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. हात समोरून वर करा म्हणाले. केला. बाजूने करा. केला. दुखतं का? थोडं. एक्स-रे दिव्यावर धरला, हाड शाबूत आहे म्हणाले. ताकद चांगली आहे, सहा आठवडे व्यायाम करा, शस्त्रक्रियेची गरज दिसत नाही.

जिंकलो! बायकोला बाहेर येऊन सांगितलं. तिने फक्त विचारलं, "हात वर केलास? तिथे?" तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला कोर्टात काय म्हणतात माहीत नाही. साक्षीदारावर विश्वास नसल्याचा भाव.

गुरुवार, ७ मार्च

व्यायाम उद्यापासून. (कालही हेच लिहिणार होतो, पण लिहायचाही कंटाळा केला.)

शनिवार, ९ मार्च

एका कंपनीच्या सभागृहात खेळ. साहेब पडले.

साहेब म्हणजे माझ्या उजव्या हातातली बाहुली. पोट, चष्मा, काखेत फाइल आणि लाकडी डोकं. डोकं लाकडी का, असं लोक डोळा मारून विचारतात. त्यांना वाटतं टोमणा आहे. कागदाच्या लगद्याचं दर वर्षी फुटायचं, एवढंच. डाव्या हातात शिपाई. ताईकडे झाडूवाली, साहेबांची बायको, कुत्रा आणि उरलेली जनता.

विसाव्या मिनिटाला साहेबांचं भाषण येतं – या खुर्चीवरून मला कोणीही हलवू शकत नाही. 'हलवू' या शब्दावर माझा हात सुटला. म्हणजे दुखून मी खाली घेतला असं नाही. तो गेला! साहेब पडद्याआड नाहीसे. प्रेक्षक कोसळले. ताईच्या झाडूवालीने वरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, कोणी हलवलं नाही, स्वतःच गेले, हा पहिलाच शब्द पाळला. पुन्हा हशा. तेवढ्यात ताईने खालून स्वतःचा खांदा माझ्या कोपराखाली सरकवला आणि साहेबांना पुन्हा वर काढलं. उरलेला अर्धा तास मी माझ्या बहिणीवर हात टेकून राज्य केलं. तिचे दोन्ही हात वरच होते. वय अठ्ठावन्न.

नंतर कंपनीचा अधिकारी आला. साहेब खाली जातात तो भाग सर्वांत छान, तो ठेवाच म्हणाला. त्याचा साहेब शेजारीच उभा होता. तोही हसत होता, जपून.

परत येताना गाडी ताईने चालवली. काय झालं, असं मी दोनदा विचारलं. "काही नाही रे." ताईचं 'काही नाही' मी पन्नास वर्षं ऐकतोय. त्याचे साधारण चाळीस अर्थ आहेत. हा त्यातला नव्हता.

मंगळवार, १२ मार्च

अखेर व्यायामाला गेलो. फिजिओथेरपिस्ट म्हणजे पंचविशीतली मुलगी, अंगाने करंगळीएवढी. पहिल्याच वाक्यात मला काका म्हणाली. ते सोडून दिलं, कारण दुसऱ्या वाक्यात तिने माझं उभं आयुष्य उघडं पाडलं.

हात वर करा म्हणाली. केला. पुन्हा करा. केला. मग मागे येऊन एका हाताने खांद्यामागचं पाठीचं हाड दाबून धरलं, दुसऱ्याने कंबर. आता करा. हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थरथरत राहिला. मग तिने सोडलं.

"काका, तुम्ही हात उचलत नाही. उचलल्यासारखं दाखवता."

मग तिने आरशासमोर उभं करून समजावलं. कंबर किंचित मागे, मान तिरकी, कोपराला झोका, आणि हात आपोआप वर गेल्यासारखा दिसतो. कुठे शिकलात, असं विचारलं तिने. शिकलो नाही गं बाई, हा धंदाच आहे. पडद्याखाली पाय मुरगळो, खोकला येवो, चड्डीत मुंगी शिरो, वर बाहुलीची मान हलता कामा नये. तीस वर्षं हेच केलं. सर्जनसमोरही केलं, आणि केलं हे मला माहीतसुद्धा नव्हतं! डॉक्टरांकडे फी भरून आजार लपवून आलो. असा पेशंट त्यांना दुसरा भेटायचा नाही.

तिने सर्जनना चिठ्ठी दिली. एमआरआय करा.

गुरुवार, १४ मार्च

एमआरआय. नळीत घालतात आणि बाहेरून कोणीतरी पत्रे बडवतं. हलू नका म्हणाले. हे मात्र मला येतं.

शनिवार, १६ मार्च

कंडरा फाटलीय. स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी म्हणजे कंडरा, आणि माझी आरपार तुटून मागे सरकलीय.

सर्जननी आधी चिठ्ठी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मागच्या वेळी हात कसा उचलला होता, असं शांतपणे विचारलं. मी धंदा सांगितला. ते हसले नाहीत.

मग सगळं सरळ सांगितलं. जखम ताजी आहे, शिवता येईल. उशीर केला तर टोक आखडत जातं, स्नायू वाळतो आणि मग शिवायला काही उरत नाही. त्यांच्याकडे २८ तारीख मोकळी आहे, मंगळवार २६ पर्यंत कळवा. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे हात झोळीत, तीन महिने काही उचलायचं नाही, सहा महिने डोक्यावर हात नेऊन काम नाही. आणि त्यानंतर? पन्नास मिनिटं वर धरता येईल? शंभरातल्या कितीजणांचं टिकतं ते त्यांनी सांगितलं. पण त्या शंभरात बाहुलीवाला एकही नाही. "खात्री देणार नाही. शिवलेलं पुन्हा फाटूही शकतं."

आणि नाही केली तर? तर हळूहळू वर जाणं बंद होईल.

म्हणजे एका दरवाजावर 'कदाचित', दुसऱ्यावर 'हळूहळू'.

रविवार, १७ मार्च

बायको म्हणते कर. तिची बाजू चार वाक्यांची. माझी रात्रीच्या जेवणापासून भांडी घासून होईपर्यंत चालली. दौरा, चाळीस शाळा, ताईने दिलेला शब्द, सहा महिने ताई काय करणार, खेळ सोडून तिला दुसरं आहे काय. भावजी निवृत्त होऊन घरात बसलेत. दिवसभर दोघं एकमेकांचं तोंड बघणार. खेळ आहे म्हणून ती टिकून आहे.

बायकोने हात पुसत विचारलं, हे ताईंना विचारलंयस का?

असलं विचारायचं असतं का?

मंगळवार, १९ मार्च

बातमी फुटली. शेजारच्या काकांनी चुंबकाचा पट्टा आणून दिला. त्यांच्या गुडघ्याला गुण आला होता म्हणे. काका गुडघा धरूनच जिना उतरले. दुकानदार म्हणाला, सुरी लावू देऊ नका. त्याचा मेहुणा म्हणाला, लावाच. दोघांनी माझ्यासमोर अर्धा तास भांडून घेतलं. माझी साबणाची वडी राहूनच गेली.

गुरुवार, २१ मार्च

ताईकडे तालीम. पुढच्या खोलीत पडदा बांधलेला असतो. साहेब उजव्या हातात घातले आणि घड्याळ लावलं. चार मिनिटं. डाव्या हातात घेतले तर साहेब शिपायासारखे चालायला लागले. लाचार. मी म्हटलं, चालेल, साहेबांची बदली झाली असं दाखवू. ताई हसली नाही.

मग तिला सगळं सांगितलं. फाटलंय, तारीख आहे, आणि मी करणार नाही. कोपराखाली लाकडी टेकू बसवू, पडद्याच्या आडव्या दांडीला. दौरा होईल. तुझ्यासाठी मी एवढं करेन म्हटलं.

"माझ्यासाठी?"

एवढंच. मग तिने कुत्र्याचा सुटलेला कान शिवायला घेतला. मी टेकूचं चित्र काढून दाखवलं. तिने पाहिलं. छान काढलंयस म्हणाली.

घरी येताना वाटलं, डोळे भरून आले असणार, म्हणून मान खाली होती. माझ्या त्यागाने माझेही थोडे भरले होते. खोटं कशाला लिहू!

रविवार, २४ मार्च

दात घासताना हात खाली आला. ब्रश गळ्यापाशी. डाव्याने घासले. कपाळावरचा केस बाजूला करायला आता डोकं हाताकडे न्यावं लागतं. पंधरा दिवसांपूर्वी असं नव्हतं.

बायकोशी कडाक्याचं भांडण. म्हणजे मी भांडलो, तिने नोंद घेतली. शेवटी ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि आठवड्याभरातली माझी वाक्यं एकेक करून वाचावीत तशी म्हणाली. ताईचं काय होईल. ताईने शब्द दिलाय. ताईला सहन होणार नाही. ताई एकटी पडेल.

"खांदा कोणाचा फाटलाय, हे एकाही वाक्यात नाही."

दार आपटून गॅलरीत गेलो. डाव्या हाताने आपटलं. नीट आपटलंही नाही.

सोमवार, २५ मार्च

सुताराकडून टेकू आणला. सुरेख झालाय. वर चामड्याची गादी. दोन तास त्यावर कोपर ठेवून बसलो. साहेब वर राहतात, पण वळत नाहीत, वाकत नाहीत, कोणाकडे बघत नाहीत. पुतळा! लोक हसणार नाहीत, हार घालतील.

मंगळवार, २६ मार्च

संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. पाच वाजून पाच मिनिटांनी फोन केला आणि उद्या दुपारी बारापर्यंतची मुदत मागितली. पलीकडची बाई उसासा टाकून बरं म्हणाली.

उद्या सकाळी ताईकडे जाऊन दौऱ्याचं वेळापत्रक पक्कं करतो आणि तिथूनच हॉस्पिटलला नाही म्हणून कळवतो. ठरलं. टेकू गाडीत ठेवलाय.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, नोंद घेतली.

बुधवार, २७ मार्च

ताईच्या पुढच्या खोलीत पडदा नव्हता. दांड्या उतरवून भिंतीला उभ्या. भावजी मन लावून खिडकीजवळच्या ट्रान्झिस्टरचं बटण पुसत होते. म्हणजे त्यांना माहीत होतं.

मी वेळापत्रक मागितलं. ताईने पाण्याचा ग्लास डाव्या हाताशी ठेवला आणि सांगितलं. चाळीसही शाळांना तिने नकार कळवलाय. दहा तारखेला. साहेब पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझ्या एमआरआयच्याही आधी!

"तुझ्या खांद्यामुळे नाही रे. तसं वाटेल तुला, म्हणून तोंड उघडेना. तीन वर्षं झाली, मला थांबायचंय. त्या अंधारात तासभर उभं राहायचं, तुझ्या काखेचा वास घेत. पुरे झालं. तू थांबशील तेव्हा थांबू म्हणून वाट बघत होते. तू थांबेचना."

मी तुझ्यासाठी थांबत नव्हतो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिने ते पाहिलं. मग ती हसायला लागली, बऱ्याच दिवसांनी, पोट धरून. भावजीही हसले. मी नाही.

टेकू गाडीतून काढलाच नाही. गाडीत बसून घड्याळ पाहिलं. पावणेबारा. नाही म्हणायचं तर आता ताई नाही, शाळा नाहीत, दिलेला शब्द नाही. मग उरलं काय ते इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे म्हणणार नाही. मला भीती वाटते. भूल देतात त्याची, जाग आल्यावर हात माझा नसेल त्याची. पहिल्या दिवसापासून तेवढंच होतं.

बाराला पाच कमी असताना फोन केला. तारीख अजून माझीच आहे. उद्या सकाळी सातला, उपाशीपोटी.