नारिंगी प्लगचं वाक्य

अब्बा, आमचं मानक अखेर छापलं गेलं. इलेक्ट्रिक रिक्षाची बॅटरी दुरुस्तीला कशी उघडायची, त्याचे नियम. तुम्ही होतात तेव्हा अशा रिक्षा रस्त्यावर नव्हत्या, म्हणून सांगते: यांना पेट्रोलचा वास नाही, आवाज नाही, पण नको त्या तारेला हात लागला तर माणूस जागेवर जातो.

नियम लिहिणाऱ्या समितीत मी होते. मसुदा पूर्ण झाला असं सगळ्यांचं मत पडलं, तेव्हा मी म्हटलं, आधी मेकॅनिकना वाचायला देऊ. निघोजेच्या एका वर्कशॉपमध्ये निकामी बॅटरी ठेवून दोघांना वेगवेगळं बोलावलं. मसुद्यात होतं, 'वीजपुरवठा बंद करावा.' पहिल्याने नुसती किल्ली फिरवली. दुसऱ्याने बॅटरीचा नारिंगी प्लगच ओढून काढला. किल्ली बंद केली तरी बॅटरीच्या तारांत वीज असतेच, अब्बा. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, एका वाक्यासाठी सगळं अडवणार?" मी म्हटलं, "हो सर. हे वाक्य वाचून कुणीतरी मरेल." त्यांनी मसुदा माझ्याकडे सरकवला. मग ते म्हणाले, "लिहा पुन्हा."

लिहिलं: 'नारिंगी प्लग ओढून बाहेर काढावा. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय तारेला हात लावू नये.' परत निघोजेला गेलो, या वेळी नवे मेकॅनिक. एकेक जण आत येतो, कागद वाचतो, प्लग काढतो, मीटर लावतो. सगळ्यांनी तेच केलं. शेजारी उभे असलेले अध्यक्ष हळूच म्हणाले, "जमलं."

पण पुढच्या बैठकीत कुणाला आकृती मोठी हवी झाली, कुणाला आणखी एक परिशिष्ट. आणि मला तुमचं कासारवाडीचं गॅरेज आठवलं. दुरुस्त झालेली स्कूटर मी पुसतच बसले होते, तेव्हा तुम्ही माझ्या हातातलं फडकं काढून घेतलंत. "गाडी चालते ना? मग सोड. तो बिचारा केव्हाचा पायी फिरतोय." मला तेव्हा रागच आला होता. बैठकीत मी उभी राहिले. म्हटलं, "बाकीचं पुढच्या आवृत्तीत. लोक आजही नुसती किल्ली फिरवून बॅटरी उघडताहेत. आजच छापायला पाठवू." जिने अडवलं तीच आता सोडा म्हणतेय, यावर अध्यक्ष हसले आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मग एकही हात खाली राहिला नाही.

परवा चाकणच्या एका गॅरेजात आमचं ते नारिंगी प्लगचं पान भिंतीवर चिकटवलेलं दिसलं. मालकाने मला ते मोठ्याने वाचूनही दाखवलं. मानकावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, आणि हे पत्र तर कुठेच जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी त्याला म्हटलं, "हे वाक्य माझं आहे."