बाहुलीचा उजवा हात

ती. आक्कास, क्रांतीचा वाकून नमस्कार.

हैदराबादेत मी खुशाल हाय, आईला सांग. तिचा गुडघा कसा हाय?

हितं गेमसाठी माझा मर्दानी खेळ टिपत्यात. अंगाला सेन्सरच्या पट्ट्या बांधल्या की पडद्यावरची बाहुली माझ्यासारखीच हलती.

काल मी गप उभी असताना बाहुलीचा उजवा हात थरथरत हुता. पट्टी बिघडली असंल म्हणून तीच डाव्या हाताला बांधली, तर तो हात एकदम गप.

आबांचा आजार असाच सुरू झालता न्हवं? लई भ्या वाटतंय. आईला ह्यातलं काय बोलू नको.

फोन न करता मुद्दाम हातानं लिहिलंय. आबांचं अक्षर लिहिता लिहिता बारीक होत जायचं. माझी पहिली ओळ आणि ही शेवटची ताडून बघ, आणि खरं काय ते कळव.

तुझी
क्रांती