पाचवा धबधबा, साइज आठ

२ ऑगस्ट

निर्णय झाला. पाचव्या धबधब्याला जायचं.

महिनाअखेरीस मुलगी नव्या नोकरीला चाललीय. दूर. इतकी दूर की आपल्याकडे दुकान उघडायची वेळ म्हणजे तिथे झोपायची वेळ. आज जेवताना म्हणाली, जायच्या आधी एकदा तो तुमचा पाचवा धबधबा दाखवा, बाबा. मी तात्काळ हो म्हटलं. बायकोचा घास हातातच राहिला. काय झालं विचारलं तर म्हणाली, काही नाही.

नॅशनल पार्कातली ती वाट एकावर एक पाच धबधबे ओलांडत वर जाते. पाचवा सगळ्यात उंच. मी तो लग्नाआधीच सर केलाय. पुरावा दुकानात, काउंटरमागे, फ्रेम करून: मी, कमरेवर हात, पाठीमागे काळा खडक आणि पाणी. त्या फोटोकडे बोट दाखवून मी अर्ध्या गावाला ट्रेकिंगचे बूट विकलेत.

मुलगी लहानपणी रोज मागे लागायची. मी म्हणायचो, तुझा पाय चारचा झाला की नेतो. चारचा झाला तेव्हा नेमका शाळेच्या बुटांचा सीझन. पाचचा झाला तेव्हा दुकानाला वाळवी. सहाचा झाला आणि मग पाय वाढायचाच थांबला, त्याला मी काय करणार? शब्द मात्र मी दिलाय आणि तो मी पाळणार.

५ ऑगस्ट

बूट निवडले. दुकानातली सगळ्यात भारी जोडी, घोट्यापर्यंतची. साइज आठ. मी कायम आठच घालतो. बुटांच्या दुकानदाराला आठच शोभतो. नऊ म्हणजे पाय नव्हे, पसारा.

अंगठ्याला किंचित आवळतात. पण चालून सैल होतात. हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो, तेव्हा खोटं असायचं कारण नाही.

अडचण एकच. बाहेर चाललं की बुटाचा तळवा मळतो आणि तळवा मळला की जोडी परत खोक्यात घालता येत नाही. एका दिवसासाठी एवढी भारी जोडी मोडायची हा धंदा नव्हे. म्हणून सराव दुकानातच, गालिच्यावर. दारापासून आरशापर्यंत आणि परत.

६ ऑगस्ट

सराव जोरात. आरशापाशी थोडा जास्त वेळ जातो.

समोरचा घड्याळवाला काचेतून बघत होता. दुपारी येऊन विचारलं, काही हरवलंय का? त्याला ट्रेकिंगमधलं काय कळणार. दिवसभर डोळ्याला भिंग लावून एका जागी बसणारा माणूस.

१० ऑगस्ट

आजपासून चढाईचा सराव. माळ्यावर जायची शिडी दुकानातच आहे. तिसऱ्या पायरीवरून दुकान वेगळंच दिसतं. पंख्यावर धूळ फार. ती बघून उतरलो आणि हिला सांगितलं. स्वच्छता आधी.

(माळ्यावरची खोकी आणायचं काम ही करते. दिवसातून कितीदा वर जाते, खाली येते, देव जाणे. माझे गुडघे मी ट्रेकसाठी राखून ठेवलेत. लग्नापासून.)

१३ ऑगस्ट

हीपण येणार म्हणते. मी समजावलं की तो रस्ता म्हणजे बाजारातून फेरफटका नव्हे, चढ आहे, दम लागतो, मध्येच बसलीस तर मला तुझ्यासाठी थांबावं लागेल आणि मुलीचा पाचवा हुकेल. शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, दुरून डोंगर साजरे म्हणतात, एकदा जवळून तरी बघू.

घालणार काय, तर डिस्काउंटच्या टोपलीतले कॅनव्हासचे बूट, ज्यांची एक नाडी वेगळ्या रंगाची आहे. दुकानाची इज्जत.

१६ ऑगस्ट

आज एक तरुण जोडपं बूट घ्यायला आलं. त्यांनी विचारलं, तिसऱ्या धबधब्याच्या पुढे वाटेत पाणी मिळतं का? मी म्हटलं, धबधबाच आहे, पाणी भरपूर. दोघं हसले. मीही हसलो. अनुभवी माणसाशी बोलताना लोकांना बरं वाटतं.

मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती. नंतर विचारलं, बाबा, तिसऱ्यानंतर वाट डावीकडे वळते ना? मी म्हटलं, वळते, पण मनावर घ्यायचं कारण नाही.

पायाची करंगळी काळसर. स्नायू तयार होताहेत.

२० ऑगस्ट

सराव तीन दिवस बंद. कारणं: (१) माल आला. (२) करंगळी. (३) जास्त सराव केला तर ऐन दिवशी थकवा येतो, असं कुठेतरी वाचलंय. बहुतेक मीच कुणाला तरी सांगितलं होतं.

२२ ऑगस्ट

सुचलं! माणसाला एकाच धंद्यात तीस वर्षं झाली की डोकं असं चालतं.

पॅकिंगची रुंद चिकटपट्टी. पारदर्शक. तळव्यावर आडवी, मग उभी, मग परत आडवी. परत आल्यावर सोलून काढायची, आत तळवा कोरा करकरीत. जोडी खोक्यात, खोकं शेल्फवर. डोंगरही झाला, बूटही राहिले.

हिला दाखवलं. बराच वेळ तळव्याकडे बघत राहिली. मग फर्स्ट एडचा डबा शोधायला गेली.

२३ ऑगस्ट, सकाळी ६

निघालो. बॅगेत: उकडलेली अंडी, ब्रेड, केळी, पाणी, दोरी (माझी), शिट्टी (माझी), मलम (हिचं). मुलगी खूश आहे. गाडीत लहानपणीसारखी मधल्या सीटवरून पुढे वाकून बसलीय. पोरीसाठी मी पाचवाच काय, सहावाही करीन.

सकाळी ९.४०

पार्किंग. इथून पहिला धबधबा अगदी जवळ आहे. फरसबंदी वाट, दोन्ही बाजूंना कठडा. म्हातारे, लहान मुलं, एक बाई तर बाबागाडी घेऊन. याला मी ट्रेक मानत नाही.

सकाळी १०.१५

पहिल्या धबधब्यापाशी, बाकावर. बसूनच लिहितोय. आता बसूनच लिहावं लागेल.

झालं असं. धबधब्याच्या अलीकडे ओढ्यावर लाकडी पूल आहे. तुषारांनी ओला. मी सगळ्यात पुढे होतो, वाटाड्या म्हणून. पुलावर पहिलं पाऊल टाकलं आणि दुसरं टाकायची गरजच पडली नाही. पूल थेट बसून पार केला. बाबागाडीतलं मूल हसलं. त्याची आई हसली नाही, पण तिने मान दुसरीकडे वळवली.

पार्कची रक्षक धावत आली. घोटा दाबून पाहिला, मुरगळलाय म्हणाली, वर जायचं नाही. मग माझा बूट उलटा केला आणि हे काय लावलंय असं विचारलं. मी म्हटलं, नवीन टेक्नॉलॉजी. ती म्हणाली, इतकी वर्षं इथे काम करतेय, अशी पाहिली नाही. मी म्हटलं, म्हणूनच नवीन.

सकाळी १०.३०

आणखी एक गोष्ट झाली. लिहू की नको.

मुलगी धबधब्यासमोर उभी होती. पाण्याकडे बघेना, शेजारच्या काळ्या खडकाकडे बघत राहिली. मग दोन पावलं मागे सरकली, मान तिरकी केली. तिथून कठडा दिसत नाही. कठड्यापलीकडची स्वच्छतागृहाची पाटीपण दिसत नाही. नुसता खडक आणि पाणी दिसतं.

मग माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "बाबा, हा खडक आपल्या दुकानात आहे ना?"

मी नीट पाहिलं. खडक ओळखीचा होता, नाही म्हणत नाही. मी सांगितलं की त्या काळी धबधब्यांची मोजणी वरून करत असावेत. वरचा पहिला, खालचा पाचवा. नंतर कुठल्यातरी साहेबाने नंबर उलटे केले असणार. सरकारी कारभार.

ती म्हणाली, असेल.

एवढंच. हसली असती तर बरं झालं असतं. हा माझा बाप, पाच धबधब्यांवरून चालून गेलेला, असं मनात घेऊन तिने जावं एवढंच मला हवं होतं. आता ती काय घेऊन जाणार?

सकाळी १०.४५

दोघी वर गेल्या. मीच पाठवल्या. कुणीतरी सामानाकडे बघायला हवं. मुलगी नको म्हणत होती, इथेच बसू म्हणत होती. मी म्हटलं, तुझा पाय सहाचा होऊन किती वर्षं झाली, जा आता. ही कॅनव्हासच्या नाड्या आवळून उभी राहिली.

माझा अंदाज: दुसऱ्यापासून ही परत येईल.

दुपारी १२.३०

आली नाही. एक अंडं खाल्लं.

दुपारी २

वाटेत कुठे बसली असेल. उरलेली अंडी खाल्ली. काळजीने भूक लागते.

दुपारी ३.३०

शिट्टी वाजवून पाहिली. रक्षक आली. तिला म्हटलं, चालू आहे का तपासत होतो.

संध्याकाळी ५

आल्या. पाचव्यापर्यंत जाऊन. ही पुढे, मुलगी मागे. हिचे केस ओले, चेहरा लाल, आणि इतक्या वर्षांत न पाहिलेलं काहीतरी चेहऱ्यावर. कसा होता विचारलं तर म्हणाली, माळ्यापेक्षा जरा उंच.

मला फार आनंद झाला. थोडा रागही आला. आनंद जास्त.

२४ ऑगस्ट

डॉक्टर म्हणाले, घोट्याला विशेष काही नाही, पण बोटांचं हे काय केलंय? मी म्हटलं, ट्रेकिंग.

चिकटपट्टी सोलली. तळव्याचा थोडा भागही तिच्याबरोबर आला. जोडी आता डिस्काउंटच्या टोपलीत.

२६ ऑगस्ट

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मुलीने पाय मोजायची पट्टी आणली आणि खाली बसून माझा मोजा काढला. लहानपणी गिऱ्हाइकांचे पाय मोजायचा तिला नाद होता. टाच मागे लावा म्हणाली. मी लावली. ही काउंटरवरून बघत होती.

"नऊ," मुलगी म्हणाली. "बाबा, तुमचा पाय नऊचा आहे. आठचा कधी नव्हताच."

मी म्हटलं, पडल्यामुळे सूज आहे. तिने दुसरा पाय मोजला. तोही नऊ. मी म्हटलं, एका पायाचं बघून दुसऱ्यालाही येते कधी कधी.

तिने पट्टी बाजूला ठेवली आणि माझी काळी करंगळी हातात धरून बसली. इतकी वर्षं दुखलं नाही का, असं विचारलं. मी म्हटलं, चालून सैल होतात. माझा आवाज जरा बसला होता. पुलावर सर्दी झाली असावी.

२९ ऑगस्ट

मुलगी गेली. निरोप देताना मी तिला बुटांची निगा कशी राखायची ते समजावून सांगितलं. ओले झाले तर आत कागद भर, उन्हात ठेवू नकोस. ती हो हो म्हणत होती. दुसरं बरंच सांगायचं होतं, पण मला नीट येतं ते एवढंच.

घर मोठं वाटतंय. वाईट वाटतं. लिहून टाकतो, कोण वाचतंय.

१ सप्टेंबर

काउंटरमागच्या फ्रेममध्ये हिने फोटो बदलला. मला न विचारता. आता ही आणि मुलगी, भिजलेल्या, पाठीमागे पाचवा. हा पाचवा कुठूनही मोजला तरी पाचवाच वाटतो. माझा फोटो टाकून दिलेला नाही, याच्याच मागे सरकवलाय.

एका गिऱ्हाइकाने विचारलं, तुम्ही यात दिसत नाही? मी म्हटलं, फोटो काढणारा कधी दिसतो का? माळ्यावरून ही खोकली. बूट खपले.

३ सप्टेंबर

काउंटरखाली एक खोकं सापडलं. ट्रेकिंगचे बूट, तशीच भारी जोडी. साइज नऊ. वर बिल ठेवलेलं, मुलीच्या नावाचं, पूर्ण किमतीचं. बिल हिनेच केलं आणि मला बोलली नाही. घरच्या माणसाकडून पूर्ण किंमत! हिला धंदा कळत नाही.

लगेच ठरवलं, परत शेल्फवर ठेवायचे. उलटे करून पाहिले तर दोन्ही तळव्यांना चिखल. वाळलेला. खडे अडकलेले. हिला विचारलं. म्हणाली, जायच्या आदल्या दिवशी पोरगी हे घालून मागच्या गल्लीत चिखलात नाचत होती, मला वाटलं वेड लागलं.

आता ही जोडी विकता येणार नाही. मुलीला ते माहीत आहे. माझ्याच दुकानात वाढलीय.

६ सप्टेंबर, सकाळी

घातले. कुठेच आवळत नाहीत. पायाला इतकी जागा असते हे गिऱ्हाइकांनी मला कधी सांगितलं नाही.

बाहेर पडलो. रस्त्यावर. पाचव्याचा बेत होता, पण हळूहळू वाढवावं म्हणतात. घड्याळवाल्याने भिंग काढून पाहिलं. गल्लीच्या टोकाला पाण्याची टाकी आहे, ती भरून वाहत होती आणि पाणी बऱ्यापैकी उंचावरून पडत होतं. तिच्यापुढे उभा राहिलो, कमरेवर हात ठेवून. हिने फोटो काढला. (ही सहज मागून आली होती. कॅनव्हासमध्ये.) पाटी येऊ दे म्हटलं, पाण्याच्या टाकीची. पूर्ण येऊ दे.

फोटो मुलीला पाठवला. खाली लिहिलं: धबधबा पहिला. मोजणी खालून.