फ्यूजचं चार वाजताचं बिस्किट

अहो,

'प्रिय' वगैरे लिहिणार नाही. तुम्ही गेल्यापासूनचं हे पहिलंच पत्र, आणि ते मी भांडायला लिहिते आहे. जिवंतपणी मी भांडायला लागले की तुम्ही रेडिओचा आवाज मोठा करायचात. आता करा!

तुमच्या लाडक्या कुत्र्याचे दात काल काढले. एखाददुसरा नाही, वरचे-खालचे मिळून बरेच. फ्यूज आत्ता माझ्या पायाशी आहे, गाल सुजलेला. सकाळपासून अन्नाला शिवला नव्हता. चार वाजले तसा उठून तुमच्या खुर्चीसमोर जाऊन बसला. बिस्किट हवं होतं त्याला. लावलीत ना सवय?

मंडईत पडवळ आणायला गेला होतात आणि पिशवीतून हे पिल्लू घेऊन आलात. पडवळ विसरलात ते विसरलातच. बुधवार पेठेतल्या दुकानात आयुष्यभर अँप्लिफायर दुरुस्त केलेत, म्हणून नाव ठेवलंत फ्यूज. "जरा काही झालं की उडतो," असं त्याच्याबद्दल म्हणालात आणि हसून माझ्याकडे पाहिलंत. मला कळलं नाही असं वाटलं का तुम्हाला?

चारच्या चहाला ग्लुकोजचं बिस्किट बशीत बुडवायचं, अर्धं त्याला, अर्धं तुम्हाला. तुम्हाला साखर बंद होती. डब्याचं झाकण वाजलं की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि तुम्ही साळसूदपणे म्हणायचात, "अगं, फ्यूजसाठी आहे." मुक्या जनावराच्या नावावर स्वतःची साखर खपवणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

मीनलनं कुत्र्यांची पेस्ट आणि मऊ ब्रश आणून दिला, तेव्हा आपल्या लेकीला काय उत्तर दिलंत? "वाघाचे दात कोण घासतं?" वाघ चार वाजता चहा-बिस्किट घेतो का हो? तो ब्रश शेवटी दुकानात नेलात, सर्किटवरची धूळ झाडायला! वर दर रविवारी मटणाची शिजलेली हाडं. "चघळू दे, दात आपोआप साफ होतात." झाले साफ. अगदी साफ झाले. हाडानंच एक दाढ उभी चिरली होती, असं डॉक्टर म्हणाल्या.

पण हे सगळं एक वेळ मी गिळलं असतं. माझा खरा राग घाटावरचा आहे.

तुमच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर पिंड ठेवला. कावळे समोर रांगेनं बसलेले, पण एक शिवेल तर शपथ. मीनल हात जोडून म्हणाली, "बाबा, मी आईला एकटं पडू देणार नाही." कावळे ढिम्म. तुमचे भाऊ म्हणाले, "दादा, दुकान चालू ठेवतो." ढिम्म. ऊन डोक्यावर आलं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. शेवटी मी चिडून पुटपुटले, "अहो, फ्यूजला रोज चार वाजता बिस्किट देईन. या आता!" आणि आलात की हो! झेप घेऊन आलात!

माझ्यासाठी नाही, लेकीसाठी नाही, दुकानासाठी नाही. कुत्र्याच्या बिस्किटासाठी! सगळे डोळे पुसत होते आणि मी तिथे उभी राहून तुमच्यावर जळत होते.

तरी शब्द पाळला. मेलेल्या माणसाला दिलेलं वचन मोडायचं नसतं, असंच आपल्याला शिकवलेलं. रोज चहा, रोज बिस्किट. मग त्याच्या तोंडाला वास यायला लागला. वय झालं, म्हटलं. मग तो मान तिरकी करून एकाच बाजूनं चावायला लागला, आणि गेल्या आठवड्यात डोळ्याखाली टेंगूळ आलं. मला वाटलं, गांधीलमाशी चावली.

डॉक्टरांनी ओठ वर उचलला. "आजी, माशी नाही ही. दाताच्या मुळाशी पू झालाय. किती दिवस दुखत असेल याला!"

"मग ओरडला कसा नाही?"

"कुत्री दुखणं लपवतात. शेपूट हलवत जेवतात, आपल्याला पत्ता लागत नाही."

त्या टेबलाशी मला तुमचा असा संताप आला म्हणून सांगू! तुम्हीही तेच केलंत ना? छाती चोळत ओव्याची फक्की मारायची, गॅस झालाय म्हणायचं, आणि मला वर विचारायचं, "आज भाजी काय?" छातीत दुखतंय, हे एक वाक्य बोलायला काय धाड भरली होती? मी रिक्षा बोलावली असती. तुम्हाला ओढत नेलं असतं. मला ओरडता आलं असतं, तेवढी तरी संधी द्यायची होतीत.

त्याचं वय पाहता भूल देणं धोक्याचं होतं, आणि दात ठेवले तर पू अंगात भिनणार होता. मी त्याचा पट्टा हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसले. मीनल म्हणाली, "आई, देवाचं नाव घे." मी तुमचं घेतलं. पुढे जे बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

वाचला तो. डॉक्टरांनी बजावलं, "बिस्किट बंद. चहा, गोड, हाडं, काही नाही. बिनमिठाचं, बिनमसाल्याचं चिकन, मऊ भात, लाल भोपळा. जखम भरली की उरलेले दात रोज घासायचे, कुत्र्यांच्याच पेस्टनं. आपली पेस्ट त्याच्या पोटात गेली तर विष होईल."

मी म्हटलं, "बिस्किटाचं वचन दिलंय हो मी." त्यांनी विचारलं, "कोणाला?" काय सांगणार होते मी त्यांना?

तर आज चार वाजता हा असा खुर्चीसमोर बसलेला. मऊ भाताची वाटी नाकाशी धरली, त्यानं तोंड फिरवलं. समजावलं, रागावले, तुमच्या नावानं पुन्हा बोटं मोडली. शेवटी कंटाळून मीच तुमच्या खुर्चीत बसले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. फ्यूजनं बराच वेळ माझ्याकडे पाहिलं, गुडघा हुंगला, आणि हळूहळू भात चाटायला लागला. मग मी रडले, हे तुम्हाला सांगायला हवं. हे पत्रही याच खुर्चीतून लिहिते आहे. मधोमध खचली आहे ती, इतकी वर्षं सांगत होते.

ऐका आता. घाटावरचं वचन मी मोडते आहे. फ्यूजला बिस्किट मिळणार नाही, कितीही कावळे रुसले तरी. त्याचा ओठ मी रोज उचलून बघीन, दात घाशीन, आणि दुखतंय हे त्याच्या तोंडून नाही तर डोळ्यांतून काढून घेईन. याला मी तुमच्यासारखं गुपचूप जाऊ देणार नाही.

आणि त्या वचनाच्या बदल्यात हे दुसरं घ्या. रोज चारला गॅलरीच्या कठड्यावर एक बिस्किट ठेवीन, चहात बुडवून. आजचं ठेवलंय. फ्यूजच्या नावावर नाही, स्वतःच्या नावावर येऊन खा. कावळ्याला दात नसतात, साखरही नसेल. झाकण वाजलं तरी मी ओरडणार नाही.

तुमच्या खुर्चीतून,
सुनंदा