तेरवीनंतरचं घर

अमरावती, ६ मार्च २००६

सौ. गिरजाबाईस, जीव तुझ्यापाशी ठेवून लिहितो.

डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. आपली लेक साधना वेळेवर औषध घालते. तिच्या अभ्यासाचं काल विचारलं. दूर कुठे तारा फुटतो म्हणे, क्षणभर फार लखलखतो. ती म्हणाली, "बाबा, तो उजेड विझल्यावरच त्या ताऱ्याचं घर, म्हणजे त्याची आकाशगंगा, नीट दिसते. आमी तेच पाहून राहिलो."

आपला देवानंद गेला तेव्हा तेरवीपर्यंत अंगणात गाड्या मावत नव्हत्या. मग मीही डोळ्यासाठी निघून आलो. पोटच्या पोराच्या घराकडे, तिथं एकट्या उरलेल्या तुझ्याकडे, कोणी पाहिलं?

तू जेवतेस ना? माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही.

पट्टी निघाली नाही तरी उद्याच्या अकोला गाडीनं येतो. आतून कडी लावू नकोस.

तुझाच,
खुशालराव