बाबांना पाव मी दिला

प्रिय दादा,

तुझ्या चर्चच्या मंडळीच्या पंचांची चिठ्ठी काल पोचली. पाळक नसताना बाबांना प्रभुभोजनाचा पाव दिला, ही चूक मी रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कबूल करायची, असं तिच्यात आहे. खाली पाळक म्हणून सही तुझी. मी उभी राहणार नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

केलं ते केलं. तुझ्या प्रार्थनामंदिरातला पाव अकरा वर्षं माझ्याच भट्टीतून येतोय, त्यातलाच एक मोडला. तू म्हणतोस तसंच 'हे तुमच्यासाठी' म्हटलं आणि बाबांच्या तोंडात घातला. त्यांनी तो चावलाच नाही, कितीतरी वेळ नुसता जिभेवर धरून ठेवला. आई पलंगाच्या कडेला बसून रडत होती.

त्यांनी काय केलं ते मला शिकवू नकोस. मी नऊ वर्षांची असताना ते दुसरीचा हात धरून निघून गेले. तुझं शिक्षण व्हावं म्हणून आईनं लोकांचे कपडे शिवत डोळे फोडले, आणि मी शाळा सोडून बेकरीत पीठ मळायला लागले. पाच महिन्यांपूर्वी, अर्धांगवायूनं वाचा गेलेल्या त्या माणसाला कुणीतरी दारात आणून सोडलं, तेव्हा दार लावून घ्यायला मीच धावले होते. उघडलं ते आईनं.

मग तू घरी प्रभुभोजन, येशूच्या नावानं मोडलेला पाव, द्यायला आलास. आईला दिलंस. बाबांनी चालतो तो एक हात पुढे केला, आणि तू ताट मागे घेतलंस. म्हणालास, आधी तोंडानं पाप कबूल करू देत. अरे, ज्याला प्यायला पाणी मागता येत नाही, तो कबुली कुठून देणार? बोलता येत नाही म्हणून तो पापी, आणि आपली जीभ चुरूचुरू चालते म्हणून आपण संत? कृपा कमवायची नसते, ती फुकट मिळते, हे तूच घसा फोडून सांगतोस ना?

आता खरं ते सांगते. तो हात हवेत राहिला तेव्हा मला बरं वाटलं. बरी जिरली, असं वाटलं. मग तुझ्याकडे पाहिलं, तर तुझ्याही चेहऱ्यावर तेच. पश्चात्तापाचं नाव पुढे करून तू सूड उगवत होतास, दादा, आणि मी मनातून टाळ्या पिटत होते. त्याचीच मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन गेले. माफ मात्र केलेलं नाही, अजूनही नाही. पण माझ्या रागानं देवाचं ताट अडवायचं नसतं. तुझ्याही नाही.

बाबा आज सकाळी गेले. दफन उद्या चार वाजता. पंच म्हणतात, पाळक येणार नाहीत. नकोच येऊस पाळक म्हणून. मुलगा म्हणून ये. शवपेटीला खांदा द्यायला एक माणूस कमी पडतोय. आई तुला काही विचारणार नाही, मी बजावलंय तिला. नाही आलास, तर शास्त्र मी वाचीन, पहिली माती मी टाकीन, आणि मग ज्याला हवं त्यानं मंडळीच्या यादीतून माझं नाव खुशाल खोडावं.

रागावलेली, तरी तुझीच,
धाकटी