बरणीतून काढलेली चिठ्ठी

हार्टवेल, सस्कॅचवान
१४ ऑक्टोबर १९९७

ती. मिल्टनदादास,
धाकट्या बहिणीचा, चरबीने माखलेल्या हातांनी, सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि पस्तावले नाही, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू ख्रिसमसपर्यंत विचारत बसशील. चर्चच्या फॉल सपरच्या जेवणाला मी साबणाची टोपली सोडतीत फुकट ठेवली. ओटचे सहा, मधाचे सहा आणि वर पाइनच्या वासाचा एक मोठा. शेजारी लोणच्याची रिकामी बरणी. चिठ्ठीवर पुढे नाव आणि फोन, मागे एकच ओळ: 'पुढच्या खेपेला काय हवं?' तू म्हणाला होतास ना, एक टोपली द्यायची आणि अख्ख्या गावाचे पत्ते घरी आणायचे. टर्की आणि कोबीचे रोल हाणून लोक सुस्तावले होते, तरी रांगेनं आले. शंभरावर चिठ्ठ्या पडल्या आणि आठवड्याभरात अकरा घरांतून मागणी आली. टोपली गुरांच्या डॉक्टरच्या बायकोला लागली. तिच्याकडे आधीच माझे चौदा साबण पडलेत, पण असो.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अर्डिसताई आली होती. दोन वर्षांपूर्वी जत्रेत माझं पहिलं टेबल लागलं, तेव्हा चार बायकांसमोर तिनं मला विचारलं, की साबण आईचा आणि वर नाव व्हर्नाचं, हे कसं काय? मीही सुनावलं, की तू सोळाव्या वर्षी घर सोडून गेलीस, आईच्या पातेल्यात एकदा तरी ढवळलंयस का? तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तुला हे सगळं ठाऊक आहे, पण तू माझी बाजू घेत नाहीस म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगते.

तर ताई आली, माझ्याकडे न बघता चिठ्ठी लिहिली, चार घड्या घालून बरणीत टाकली आणि कॉफी घ्यायला गेली. एकसष्ट साली दुकानाच्या सोडतीत बाबांनी हात घातला आणि आईच्याच नावाची चिठ्ठी निघाली, ते आठवतं ना? हॅमची, म्हणजे डुकराची ती तंगडी घरी आली, लोकांनी लबाडी म्हटलं आणि आपण शाळा संपेपर्यंत 'हॅमवाले' झालो. अजून कोऑपच्या दुकानात म्हातारे मला तसंच ओळखतात. माझ्या टोपलीवर माझ्याच बहिणीचं नाव निघालं असतं तर धंदा तिथंच आटोपला असता. म्हणून सोडतीआधी मी बरणीत हात घालून ती चार घड्यांची चिठ्ठी काढून घेतली. उघडलीसुद्धा नाही. घरी येऊन साबणाच्या चुलीत टाकली.

वहिनीला नमस्कार सांग. लोभ आहेच, तो तिकडच्या थंडीत गोठवू नकोस.
तुझी,
व्हर्ना


थंडर बे, ऑन्टॅरिओ
९ नोव्हेंबर १९९७

चि. व्हर्नास,
दादाचे आशीर्वाद, हवे तितके घे.

साबण पोचले. पाइनचा मी वापरतो. तुझी वहिनी म्हणते, आता माझ्या अंगाला लाकडाच्या वखारीचा वास येतो आणि हे आधीपेक्षा बरं आहे.

अकरा घरं म्हणजे छान झालं. फुकट वाटायची अक्कल माझी होती हे लेबलावर छापायला हरकत नाही. पण ते चिठ्ठी काढणं मला आवडलं नाही, व्हर्ना. हॅमचं कारण सांगतेस ते पटतं, आणि अर्धंच पटतं.

एक गोष्ट सांगतो, चिडू नकोस. ताई आयुष्यात कधी फुकटच्या वस्तूसाठी उभी राहिलेली नाही. दुकानात चवीपुरता चीजचा तुकडा दिला तर ही आधी अख्खी वडी विकत घेते आणि मग तो खाते. तुझा साबणही ती गुरांच्या डॉक्टरच्या बायकोकडून विकत घेते, हे तुला माहीत नव्हतं ना? मग ती बाई तुझ्या बरणीत नाव कशाला टाकेल? मी तिला रविवारी फोनवर विचारलं. ती म्हणाली, हवा बरी आहे. आपल्या घरात याचा अर्थ 'पुढे विचारू नकोस' असा होतो, ते तुला सांगायला नको.

ती सोळाव्या वर्षी गेली ते हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासायला. त्यामुळेच आपण दोघं शाळेत राहिलो. साबण ढवळायला ती कुठून घरी असणार? एकदा फोन कर. तीन आकडे फिरवलेस की चौथा आपोआप फिरतो.

माया आहे तशी राहू दे. साबण मात्र वाढव.
तुझा,
मिल्टन


हार्टवेल
२३ मार्च १९९८

ती. मिल्टनदादास,
सा. न. वि. वि., आणि वि. हे की तू मला उगाच रडवलंस.

फोन करणार होते. मग बर्फावर दगड सरकवायच्या कर्लिंगची स्पर्धा आली आणि राहून गेलं. खेळायला आलेल्या प्रत्येकाच्या पिशवीत एकेक छोटा साबण घातला, कर्लिंगच्या दगडाच्या आकाराचा, वर मूठसुद्धा. सगळ्यांच्या मुठी पहिल्या दिवशीच तुटल्या. पण गाव आठवडाभर त्यावरच बोलत होतं, म्हणजे काम झालं. एका लग्नाची मागणी आलीय, पाहुण्यांना द्यायला दोनशे वड्या. आईच्या एका पातेल्यातून दोनशे. मला मेलीला इतका आनंद झाला की तळघरातल्या पायरीवर एकटीच बसून राहिले.

तिथंही टोपली आणि बरणी ठेवली होती. ताई पुन्हा आली. पुन्हा चार घड्या. मी पुन्हा काढली. बरणीशी माझ्या मदतीला हेझल बसली होती, तिनं पाहिलं आणि भुवया चढवल्या. लोक जवळ होते म्हणून चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात कोंबली. मला आता वाटतं, ती मुद्दाम करते. तिचं नाव निघावं, गावानं हसावं, आणि मग तिनं सगळ्यांसमोर टोपली परत करावी. तुझं चीजचं सगळं खरं असेल, पण मला इथं काय सोसावं लागतं ते तुला तिकडून दिसत नाही. लग्नाची मागणी पुरी झाली की मी फोन करीन. नक्की करीन.

ढवळून ढवळून खांदा भरून आलाय, म्हणून इथंच थांबवते. राग धरू नकोस, आणि धरलास तर थोडाच धर.
तुझी,
व्हर्ना


हार्टवेल
८ सप्टेंबर १९९८

चि. व्हर्नास,
आशीर्वाद.

घर विकलं. शनिवारी केलोनाला रसेलकडे कायमची जाते आहे. बोटं वळत नाहीत. बटणं शेजारीण लावून देते, आणि हे लिहायला दोन दिवस लागले. मुलाच्या घरी सूनबाई लावून देईल.

मी तुझ्या बरणीत तीनदा नाव टाकलं. चर्चमध्ये, कर्लिंगला, आणि मे महिन्यात अग्निशमन केंद्राच्या पॅनकेकच्या नाश्त्याला. नाव निघालं नाही तेव्हा वाटलं, नशीब. मग हेझल म्हणाली की तू माझी चिठ्ठी आधीच काढून घेतेस. म्हणजे तू वाचलीस आणि नाही म्हणालीस. ते मी समजून घेतलं. रागावलेली नाही.

तोंडानं का विचारलं नाही म्हणशील. तुझ्या टेबलाशी नेहमी गिऱ्हाइकं असत. आणि काय हवं, असं तू चिठ्ठीवर विचारलंच होतंस.

खोकला सुटला की कांद्याचा रस घे. तब्येत जप.
अर्डिस


हार्टवेल
१७ सप्टेंबर १९९८

ती. अर्डिसताईस,
तुझ्या पायांशी बसून सा. न. वि. वि.

मी सॅस्कटूनच्या प्रदर्शनात होते. रविवारी घरी आले तर तुझं पत्र दाराच्या फटीत होतं. तशीच तुझ्या घरी गेले. पडदेसुद्धा काढले होते.

ताई, मी चिठ्ठी वाचली नव्हती. एकही वाचली नव्हती. हॅमवाले म्हणून हसतील या भीतीनं काढत होते आणि न उघडता चुलीत टाकत होते. पण कर्लिंगची चिठ्ठी खिशात राहिली होती. त्या ॲप्रनला साबणाच्या कॉस्टिक सोड्यानं भोक पडलं म्हणून तो तळघराच्या दारामागे तसाच टांगलेला होता, न धुतलेला. तुझ्या घरून परतल्यावर आधी तिकडे धावले. पेन्सिलीचं अक्षर आहे, नीट लागतं. पुढे नाव आणि फोन, जसा काही तुझा फोन मला पाठ नाही. आणि मागे:

'साबण नको. एकदा ढवळू दे. शनिवारी मोकळी असते.'

मी पायरीवर बसून ते किती वेळा वाचलं ते सांगत नाही. जत्रेत मी तुला जे बोलले त्याचं तू इतकं साधं उत्तर दिलंस, आणि ते मी तीनदा बाहेर काढून फेकलं. खोटं लिहीत नाही, पहिल्या खेपेला वाचलं असतं तर कदाचित मी मनात म्हटलं असतं, आता आली शरण. इतकी मी आढ्यताखोर झाले होते. पण दुसऱ्या खेपेला तरी बोलावलं असतं. आणि मार्चमध्ये तुझी बोटं वळत होती. तेच मला खातंय.

शनिवारी मोकळी असतेस असं तू लिहिलंस. मीही शनिवारी मोकळीच असते, ताई. दर शनिवारी एकटी ढवळत असते आणि खांदा दुखला की कुरकुरते.

मी केलोनाला येते. आईचा लाकडी दांडा घेऊन येते, पातेलंही आणीन. तू नुसता हात लाव, जोर मी देईन. लेबलही बदलते, तुझं नाव वर, माझं खाली. फक्त ये म्हण.

माझ्यावरचा लोभ उरला असेल तर तो ठेव, नसेल तर थोडा उसना दे.
तुझी,
व्हर्ना


केलोना, ब्रिटिश कोलंबिया
२ ऑक्टोबर १९९८

चि. व्हर्नास,
आशीर्वाद. मी सांगते आहे आणि सूनबाई लिहिते आहे, म्हणून अक्षर चांगलं आहे.

तुझं पत्र रसेलनं वाचून दाखवलं. त्याला मधे दोनदा थांबावं लागलं. तो त्याच्या बाबांसारखा आहे, चटकन रडतो.

वाचली नव्हतीस हे बरं झालं. उन्हाळाभर मी धरून चालले होते की वाचलीस. ते जड होतं.

येऊ नकोस म्हणत नाही. नाताळानंतर ये, रस्ते मोकळे झाले की. पण दांडा आणू नकोस. इथे फ्लॅटमध्ये कॉस्टिक चालत नाही, आणि डॉक्टरांनी माझे दोन्ही हात पट्ट्यांत बांधलेत. तू माझ्या हातावर हात ठेवून जोर देशील आणि मी ढवळलं असं आपण दोघी म्हणू. तसं मला नको. ते खोटं होईल, आणि ते तुलाही कळेल.

लेबलावर नाव तुझंच राहू दे. जत्रेत मी चुकीचं बोलले. आईनं कशावरच नाव घातलं नसतं, तिला त्याचं काही वाटलं नसतं. मला एवढंच वाटलं होतं, की आईच्या त्या पातेल्याजवळ तुम्ही दोघं होता आणि मी कुणाची तरी ताटं घासत होते. ते तुझ्यावर निघालं.

गुरांच्या डॉक्टरच्या बायकोकडून घेतलेली ओटची शेवटची वडी इथे आणली आहे. कपड्यांच्या कप्प्यात ठेवली आहे, वापरत नाही.

पुढच्या आठवड्यात गावात फॉल सपर असेल. तू टोपली ठेवशील, ठेव. सोबत माझी चिठ्ठी पाठवते आहे. नाव सूनबाईनं लिहिलं, मागची ओळ मी पेन्सिल दोन्ही हातांत धरून लिहिली, म्हणून वेडीवाकडी आहे. चार घड्या तिनं घातल्या. या खेपेला ती बरणीत राहू दे. निघाली तर निघाली, म्हणू देत हॅमवाले.

उघडून आधी वाचलीस तरी चालेल. 'आता ढवळणं नको. साबणच चालेल,' एवढंच लिहिलं आहे.

माया आहे. ती कधी गेली नव्हती.
अर्डिस